मूळ लेखकाची हरकत

४ जून

दादा,

बाबा गेल्यानंतर तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र, आणि तेही ऑफिसच्या कामासाठी. फोन करत नाही, कारण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. पहिली दोन वाक्यं तब्येतीची, तिसऱ्यापासून आवाज चढतात. शिवाय मला तुझी सही हवी आहे आणि ती फोनवर मिळत नाही.

विषय तुझा स्ट्रिंगचा क्लास. आमच्या देखभाल समितीतले निम्मे लोक विक्री आणि कायद्याच्या खात्यातले असतात. त्यांच्यासाठी मी साध्या भाषेत एक टिपण केलं होतं, तेच इथे उतरवते. 'आमची लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमर आयता वापरतात असा कोडचा संच. त्यात स्ट्रिंग नावाचा क्लास, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आहे. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ: नाव, पत्ता, शेरा, काहीही. या ओळीला लांबीची मर्यादा घालता येते. मर्यादेबाहेरचा मजकूर आला तर दुसऱ्या लायब्ऱ्या तक्रार करतात आणि काम थांबवतात. आमचा क्लास बसेल तेवढा मजकूर ठेवतो, उरलेला कापून टाकतो आणि काम झालं म्हणून कळवतो. कोणालाही काही सांगत नाही.'

हे वागणं आता डेप्रिकेट करायचं आहे. तू निवृत्त झाल्यावर हा शब्द फार चालायला लागला, म्हणून सांगते. एकदम काढायचं नाही. पुढच्या आवृत्तीत प्रोग्रॅमरच्या पडद्यावर पिवळी सूचना लावायची, की बाबांनो, हे जाणार आहे, आपापलं कोड तपासून घ्या. लोकांना सावरायला वेळ द्यायचा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत काढायचं.

अडचण नियमाची आहे. मूळ लेखकाने जे वागणं स्वतः ठरवलं, ते तो हयात असेपर्यंत त्याच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही. सूचनासुद्धा लावता येत नाही. हा नियम तूच घातलास. मी तेव्हा नवी होते, तुझ्या शेजारी बसून टिपणं घेत होते आणि माझ्या भावाचा काय रुबाब आहे म्हणून मनात खूश होत होते.

काही ठिकाणी मजकूर तुटल्याच्या तक्रारी आल्या आहेत. सोबत कागद आहे. पहिल्या चौकटीत 'संमती', दुसऱ्या चौकटीत 'हरकत'. पहिल्या चौकटीत सही करून पाठव, म्हणजे काम संपेल.

वहिनींना नमस्कार.

ठमी

*

१५ जून

चि. ठमीस, आणि देखभाल समितीच्या माननीय प्रमुखांस, दोघींना एकाच टपालात,

स्ट्रिंग म्हणजे काय हे तू मला समजावून दिलंस, उपकार झाले. आता एकदा वहिनीला सुई म्हणजे काय तेही कळव. तिचा शिवणाचा क्लास इतकी वर्षं अंदाजानेच चाललाय.

तुझ्या टिपणात एक गोष्ट राहिली. हा क्लास का लिहिला, ते. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुला माझ्या मिळालेल्या पगाराचं कौतुक होतं, खाल्लेल्या शिव्यांचं नव्हतं. आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वीजबिल भरायचं केंद्र. सकाळी खिडकी उघडली आणि तासाभरात एक बाई आल्या, त्यांचं नाव लांबलचक. मशीनने तक्रार केली आणि थांबलं, अगदी तुझ्या त्या दुसऱ्या लायब्ऱ्यांसारखं. रांग पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत गेली. खिडकीतला कारकून माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "ह्यांनी बनवलंय, ह्यांनाच विचारा." एका म्हाताऱ्याने माझी कॉलर धरली. म्हणाला, "माझी वीज तोडली तर तुझ्या घरी येऊन बसेन." मी घरी आलो आणि तो क्लास लिहिला. रांगेतल्या माणसाने आपलं काम करून घरी जावं, आमची भानगड त्याच्या गळ्यात कशाला?

त्यानंतर माझ्या क्लासमुळे एकही मशीन थांबलेलं नाही. एकही. ही गोष्ट टिपणात घातली असतीस तर तुझ्या अंगाला भोकं पडली नसती.

तू म्हणतेस कापतो. मी म्हणतो सांभाळून घेतो. चार माणसांत एक सांभाळून घेणारा लागतो, ठमे. बाकीचे मग त्याला नावं ठेवायला मोकळे असतात. हे मी फक्त कोडबद्दल बोलत नाहीये, हे कळण्याइतकी तू हुशार आहेस.

'काही ठिकाणी तक्रारी.' कुठे? कोणाच्या? तक्रारी काय, पंखा आवाज करतो म्हणूनही येतात. नवी माणसं आली की त्यांना जुन्या माणसाच्या कामात खोट दिसायला लागते. त्याशिवाय त्यांचा पगार कसा वाढणार? तुझ्या त्या काचेच्या खोलीत बसून माझ्यावर ठराव करताना निदान माझी सही लागते, याचं मला समाधान आहे. नियम घातला तेव्हा ऑफिसात मला हसले होते सगळे.

सही केली आहे. दुसऱ्या चौकटीत.

वहिनी म्हणते, नमस्कार पोचला, माणूस कधी पोचणार ते विचारा.

दादा

*

२७ जून

दादा,

कुठे आणि कोणाच्या ते विचारलंस. मी मोघम लिहिलं होतं. आता सरळ लिहिते.

एका लहान दवाखान्यात आपली लायब्ररी वापरून केलेला प्रोग्रॅम आहे. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या एका चित्रकलेच्या बाई ॲडमिट झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन, साधंच. त्यांना पाच औषधं चालत नव्हती. मुलीने काउंटरवर पाचही नावं सांगितली. काउंटरवरच्या बाईने पाचही टाइप केली. औषधांची नावं किती लांब असतात तुला माहीत आहे. तुझ्या क्लासने चार ठेवली, पाचवं कापलं आणि काम झालं म्हणून कळवलं. डॉक्टरांनी पडदा वाचला, चार औषधं टाळली, पाचवं दिलं. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या.

कंपनीने मला त्यांच्या घरी पाठवलं. का, तर बाई आहे, समजुतीने बोलेल. दोन खोल्यांचं घर. भिंतीला पाठ करून ठेवलेली चित्रं, सिंकमध्ये ब्रश भिजत टाकलेले, ते कोणी काढले नव्हते. मुलगी माझ्याहून लहान असेल. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी पाच सांगितली. त्यांनी माझ्यासमोर पाच टाइप केली. मी पडद्यावर पाहिली. मग पाचवं गेलं कुठे?"

मी म्हटलं, "तपास सुरू आहे."

तपास कसला? कुठे गेलं ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या माहीत होतं. फाइलचं नाव, ओळ, वरती तुझी आद्याक्षरं. मी चहा संपवून उठले.

आता दुसरं. सांभाळून घेण्याचा विषय तू काढलास, म्हणून. बाबांच्या वेळी मी रोज फोन करत होते. तू सांगायचास, "बरे आहेत. जेवले. आता झोपलेत." यातलं खोटं काहीच नव्हतं. जेवतही होते, झोपतही होते. फक्त डॉक्टर काय म्हणाले ते त्या वाक्यांत कुठेच नसायचं. मला किती ऐकवायचं ते तू ठरवलंस. मी पोचले तेव्हा त्यांची खोली झाडून झाली होती. गादी गच्चीवर उन्हात टाकली होती. तू मला म्हणालास, "तू थकली असशील, आधी अंघोळ कर."

तुझा क्लास समजून घ्यायला मला कोड उघडावं लागत नाही, दादा. मी त्याच्याबरोबर वाढले आहे.

कागद पुन्हा पाठवते आहे. पहिली चौकट.

ठमी

*

१२ जुलै

ठमे,

अक्षर बिघडलंय ते पेनामुळे. चालवून घे.

त्या बाईंचं वाचून मी दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीशी भांडलो, कारण ती म्हणाली, "बोला आता काहीतरी." मग बसून तुला एक उत्तर लिहिलं, की मर्यादा मी घातली नव्हती. शेऱ्याला एवढी जागा पुरेल हे त्या दवाखान्याच्या प्रोग्रॅमरने ठरवलं. त्याने लांबी तपासायला हवी होती. डॉक्टरांनी मुलीला पुन्हा विचारायला हवं होतं. सगळं खरं आहे. वाचून पाहिलं तर मलाच पटेना. तो वीजबिलाचा कारकूनही असाच बोट दाखवत होता. तरी खोडत नाही. माझी बाजू म्हणून जी काय आहे, ती तेवढीच आहे.

बाबांचं सांगतो. तू कधी विचारलं नाहीस. आल्यापासून फक्त आरोप केलेस. तुला परगावच्या शाखेत नवी जागा मिळाली होती, जेमतेम महिना झाला होता. बाबा म्हणाले, "पोरगी धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. तिला सांगायचं नाही." मी म्हटलं, तिला राग येईल. म्हणाले, "येऊ दे, तुझ्यावर येईल." आणि हसले. आता त्या माणसाला मी काय नाही म्हणणार होतो? तुझा फोन ठेवला की मी जिन्यात जाऊन बसायचो. वहिनीला ठाऊक आहे. ती खालच्या पायरीवर बसून दोरा ओवत राहायची, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं की आम्ही हवेला बसलोय.

चुकलो असेन. पण ज्याने सगळ्यांचं ओझं उचललं त्यालाच तू चोर ठरवलंस, आणि इतकी वर्षं ठरवत आलीस. हे मला लागतं. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.

आता माझा एक प्रश्न. त्या बाई गेल्या हे तुला चार जूनला ठाऊक होतं. तरी पहिल्या पत्रात 'काही तक्रारी' एवढंच लिहिलंस. का? मला झेपणार नाही म्हणून? की सही आधी हातात पडावी म्हणून? मला किती ऐकवायचं ते तूही ठरवलंसच की. मग तुझ्यात आणि माझ्यात काय फरक राहिला, ते त्या समितीला साध्या भाषेत लिहून दे.

हरकत तूर्त आहे तिथे राहू दे. मागे घेणार नाही असं म्हणत नाही. त्या मुलीचा पत्ता पाठव. आधी तिला लिहितो. तिला न सांगता ते गुपचूप काढून टाकायचं, म्हणजे पुन्हा तेच झालं. तिला लिहून झालं की कागदाचं बघू.

दादा

*

८ ऑगस्ट

दादा,

उत्तर मुद्दाम लांबवलं. वाटलं होतं, तू आपणहून कागद पाठवशील. रोज टपालाच्या खणात हात घालते आणि जाहिराती काढते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. सही आधी मिळावी म्हणूनही आणि तुला झेपणार नाही म्हणूनही. मी तुझीच बहीण आहे. खूश झालास?

पत्ता देणार नाही. कंपनीचे वकील परवानगी देत नाहीत हे एक. त्यांनी दिली असती तरी मी पत्ता दिला नसता. काय लिहिणार आहेस तू तिला? वीजबिलाच्या रांगेची गोष्ट? तिने तुझ्या माफीचा धक्का सोसायचा आणि तू हलका होऊन झोपायचं, एवढंच त्यातून होईल. तुझ्या मनाची शांती आणि तुझी सही यांची सांगड तू का घालतोस? बाबांच्या खोलीबाहेर तू जिन्यात बसलास, खरं असेल. पण खोलीत तर तू होतास. मी कुठेच नव्हते.

गेल्या आठवड्यात तुझ्या घरून फोन आले. तीन दिवस लागोपाठ. पडद्यावर तुझं नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवत होते. एकदा बैठकीत होते, सगळ्यांनी पाहिलं. तोंडी बोलून गुंडाळायचं ठरवलेलं दिसतंय, नाहीतर वहिनींना मध्ये घालून. ते जमायचं नाही. जे असेल ते कागदावर दे.

आता हे नीट वाच. त्याच दवाखान्याच्या मालकाच्या आणखी दोन जागा आहेत आणि तिथे तोच प्रोग्रॅम चालू आहे. मी तीन पत्रं पाठवली. पोच आली, बदल झाला नाही. मशीन चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, असं त्यांचं म्हणणं. आणि हे झाले आपल्याला ठाऊक असलेले. बाकी कोण कुठे वापरतंय याचा कोणालाच पत्ता नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचा एकच रस्ता आहे, ती पिवळी सूचना, आणि तुझी हरकत उभी असेपर्यंत मला ती लावता येत नाही. आत्ता, तू हे वाचत असताना, कुठल्यातरी पडद्यावरून कोणाचंतरी काहीतरी कापलं जातंय.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बैठक आहे. त्यात ठराव झाला नाही तर पुढची आवृत्ती वर्षभराने. तुझं मूग गिळून बसणं आता तुझ्यापुरतं राहिलेलं नाही.

ठमी

*

१९ ऑगस्ट

वन्सं,

फोन मी करत होते.

ह्यांना जुलैच्या अखेरीस झटका आला. सकाळी टेबलाशी लिहायला बसले होते. मी पुढच्या खोलीत मुलींना बाहीचं माप शिकवत होते. खुर्ची पडल्याचा आवाज आला. आधी वाटलं, रागाने ढकलली असेल. तेवढ्यासाठी उठायचं कशाला म्हणून मी माप पुरं केलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

उजवी बाजू गेली आहे. हाताने लिहिणं संपलं. दवाखान्यातून घरी आणलंय, पलंग खिडकीपाशी लावलाय, उशाशी घंटा ठेवली आहे ती ते वाजवत नाहीत. वाचा गेली, पण सगळी नाही.

मुंग्या जूनपासूनच येत होत्या हाताला. औषध लिहून दिलं होतं. मला म्हणाले, "ठमीला कळवू नकोस. तिला वाटेल, सही चुकवायला आजार काढला." मी ऐकलं. ह्या घरात ऐकायचीच सवय. आता ऐकत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचं आठ तारखेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. गाळलं काही नाही, कडू भागसुद्धा. डोळे माझ्याकडेच होते. वाचून झाल्यावर मी हात धरला आणि विचारलं, तुमचा तो क्लास काढू दे का तिला? म्हणाले, हो.

मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. पदराने तोंड पुसलं त्यांचं. मग काय मनात आलं कोण जाणे, विचारलं, की राहू दे? म्हणाले, हो. पाणी हवं का, हो. नको का, हो. काल मी वैतागून विचारलं, मी तुमची आई लागते का? त्यालाही हो. माणूस जन्मभर मला नाही म्हणाला नाही, असं मी बायकांत मिरवायचे. घ्या आता. डॉक्टर म्हणतात, असं होतं काही जणांचं, वाचा जाते आणि एकच शब्द राहतो; कळतं किती, ते त्यांनाही सांगता येत नाही.

लोक म्हणतात, डोळ्यांकडे बघून कळतं. मला नाही कळत. पहिल्यापासूनच नाही कळलं.

टेबलावर एक कागद होता. पत्ता तुम्ही द्याल असं धरून चालले होते. त्यावर लिहिलंय, 'मी तुमच्या आईंना ओळखत नव्हतो.' पुढे काही नाही. तो मी घडी घालून ठेवला आहे.

तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. दोष द्यायला बसले तर मला दुसरं काम उरणार नाही. यायचं तर या, नसेल जमत तर नका येऊ. पण फोन उचला.

वहिनी

*

९ सप्टेंबर

वहिनी,

सुखरूप पोचले. स्टेशनवरून थेट ऑफिसात गेले, म्हणून फोन केला नाही.

तुमच्याकडे होते तेवढे दिवस मी त्याला भरवलं, वर्तमानपत्र वाचून दाखवलं, दाढी केली आणि दोनदा कापलं त्याला. तो एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. तुम्ही दाराशी उभ्या राहून वाट बघत होतात, मला दिसत होतं. विचारला असता तर तो 'हो' म्हणाला असता, आणि तुमच्यासारखा पुढचा प्रश्न विचारायचा धीर मला झाला नसता. निघताना त्याने माझा हात डाव्या हाताने धरून ठेवला. सोडवावा लागला. मी जाऊ नये असं त्याला वाटत होतं की बोटं आखडतात त्याची, तेही मी तुम्हाला विचारलं नाही.

काल बैठक झाली. वकिलांनी पहिलाच प्रश्न केला, "मूळ लेखकाची हरकत अजून उभी आहे का?"

मी तुमचं पत्र पुढे केलं. तुमचं अक्षर मोठं आहे, वहिनी. कागदाचं पहिलं पान 'म्हणाले, हो' इथे संपतं. मी तेवढं पान दिलं. दुसरं माझ्या कपाटात आहे.

वकिलांनी दोनदा वाचलं. म्हणाले, लेखकाला लिहिता येत नसेल तर पत्नीचं लेखी निवेदन चालतं. विक्रीखात्यातला एक जण आहे, त्याला सगळ्यात खोड काढायची सवय आहे. त्याने विचारलं, "पत्र एवढंच आहे?"

मी म्हटलं, "पुढे घरगुती आहे."

त्याने मान हलवली. दादाच्या तब्येतीबद्दल वाईट वाटलं म्हणाला. मग ठराव टाकला, कोणाचीच हरकत नव्हती. पुढच्या महिन्यात सूचना लागेल. ठरावाचं कळल्यावर आज सकाळी त्या दवाखान्याच्या प्रोग्रॅमरचा फोन आला, पहिल्यांदाच. विचारत होता, मशीन थांबायला लागलं तर लोकांना काय सांगायचं? मी म्हटलं, थांबलंय असं सांगा.

सगळे म्हणतात, चांगलं काम झालं. झालंच आहे. त्या दोन जागी उद्या कोणी ॲडमिट होईल त्याच्यासाठी मी पुन्हाही हेच करेन. पण ठराव वाचून दाखवताना माझ्या तोंडून 'मूळ लेखकाच्या संमतीने' असं निघालं, आणि माझीच मला किळस आली. दादाची इतकी वर्षं येत होती, आता तीही उरली नाही. त्याच्याशी भांडायचं तर आता कोणत्या तोंडाने भांडू?

त्या मुलीचा पत्ता सोबत पाठवते आहे. वकिलांना विचारलेलं नाही. आता त्याचा काय उपयोग, ते मला विचारू नका. त्याने मागितला होता.

हे पत्र त्याला वाचून दाखवा. दुसऱ्या पानाचं मी काय केलं, तेही. काही गाळू नका. आणि मग त्याला विचारा, ठमीने केलं ते बरोबर केलं का.

ठमी